कप-बशीचं हिरवं दार

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काम केलं ते खाट सरळ करायचं. थंडी सुरू झाली म्हणून खाट खिडकीखालून उचलून आतल्या भिंतीला लावली होती आणि तिथं जमीन जरा उताराची आहे. मगरीबची, संध्याकाळची नमाज झाली. जैनबने चहा केला, एक बशी काठोकाठ भरली, गादी गुंडाळली आणि बशी खाटेच्या फळीवर ठेवली. मग वाकून, एक डोळा मिटून, बशीकडे बघत राहिली. मी खाटेच्या पायाशी लाकडाची चिप घेऊन उकिडवा बसलो.

"तुमच्या अंगाला कलतंय."

मी चिप सरकवली.

"अजून. अजून जरासं. आता जास्ती झालं. माणूस हायव का हत्ती? हळू."

"झालं?"

"झालं."

चहा चारी बाजूंनी काठाला सारखा टेकला होता. अर्धा ती प्यायली, अर्धा मला दिला. गार झालेला आणि साखर जास्त. मग तिने दाराला कडी लावली आणि आम्ही झोपलो. बायकोबरोबरचं शेवटचं काम म्हणून लोक काहीतरी मोठं सांगतात, हात हातात घेतला, डोळ्यांत बघितलं. आमचं असं काही नाही. खाटेखाली चिप घातली.

त्याला वर्ष झालं. आता परत उत्तरेचा वारा सुटलाय. आंब्याला मोहोर धरतोय, पहाटे पत्र्यावरून दव टपटपतं, शेजारी कानाला मफलर गुंडाळून अंगणात शेकोटी करतात. त्यांना या थंडीत काय आठवतं मला माहीत नाही. मला ओमान आठवतं. हे सांगितलं की सगळे हसतात. उस्मानचाचा, ओमान म्हणजे आगीची भट्टी, तिथं कसली थंडी?  ज्याने वाळवंटात पहाटे लोखंडाला हात लावला नाही त्याला थंडी काय सांगायची.

मी वेल्डर. रत्नागिरीकडचा, खाडीकाठचा. शाळा चौथीपर्यंत. पुढची शाळा खाडीपलीकडे होती आणि होडीवाल्याशी माझं भांडण झालं. म्हणून माझं लिहिणं हे असं, वेल्डिंगच्या टाक्यासारखं. दिसायला वेडंवाकडं, पण सुटत नाही. उभं आयुष्य ओमानमध्ये, इब्रीच्या सनायात गेलं. सनाया म्हणजे गॅरेजं आणि कारखान्यांची गल्ली, प्रत्येक अरब गावाला असते. तिथं मी फाटकं करायचो. अरब माणूस घरापेक्षा फाटकावर जास्त जीव लावतो. लोखंडी पत्र्याची दोन पाखं, त्यावर पट्ट्यांची वेलबुट्टी, खजुराचं झाड आणि मधोमध कॉफीची ती लांब चोचीची किटली. अशा किती किटल्या मी जोडल्या असतील ते अल्लाला माहीत. डोळे मिटूनही करेन.

आणि जैनबचं दुखणं काय, तर तिला दार नव्हतं.

गावात आमचं भावांचं एकत्र घर. मोठं, पण दारं सगळ्यांची. कुणीही कधीही ढकलून आत यायचं, पातेलं न्यायला, पोर शोधायला, कोंबडी हाकलायला. आतून कडी लावली तर माझी आई विचारायची, काय लपवतेस गो? नव्वद सालानंतर मुलगी शबाना लग्न होऊन मस्कतजवळ अझैब्याला गेली आणि जैनब माझ्याकडे इब्रीला आली. तिथं राहायला वर्कशॉपच्या मागची खोली, आणि तिचं दार म्हणजे दुकानाचं शटर. सकाळी मी ते खालून वर ढकलायचो, खडखडखड, आणि सगळ्या सनायाला कळायचं की उस्मानची बायको उठली. ती म्हणायची, "मला महाल नको. आतनं कडी असलेलं एक दार द्या. मी लावीन, मी काढीन. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाय."

"इन्शाल्ला," मी म्हणायचो, आणि दुसऱ्याचं फाटक करायला घ्यायचो.

साठ झाली की परक्या माणसाचं तिथं खलास. माझा अर्बाब, म्हणजे मालक, सालेम नावाचा, भला माणूस. त्याने सांगितलं, हिवाळा संपेपर्यंत तुझा व्हिसा ठेवतो, मग घरी जा. आणि विचारलं, उस्मान, जाताना काय पाहिजे? लोक घड्याळ मागतात, फ्रीज मागतात. त्याच्या यार्डात एक कारवान पडलेली होती. चाकावरची पत्र्याची खोली, कुठल्यातरी कॅम्पवरून टाकून दिलेली. आत कबुतरं राहायची आणि दाराच्या जागी नुसतं भोक. मी म्हटलं, ही दे आणि ओढायला जुना पिकअप दे. हिवाळाभर फिरतो. तो म्हणाला, घे, पण अझैब्याला पोचलास की दोन्ही माझ्या भावाच्या ताब्यात दे, त्याला बागेच्या राखणदारासाठी खोली पाहिजे. तिथून तुझं विमान.

मी जैनबला सांगितलं. ती म्हणाली, "म्हंजे अझैब्यापरेंत माझं घर. बरं. तवर तरी."

कबुतरांना हाकललं. आत खाट, स्टोव्हचा ओटा, एक खिडकी तिला पाहिजे तिथं. मग दार. सवयीने मी वर खजुराचं झाड काढलं आणि किटली जोडायला घेतली तर ती मागून म्हणाली, "ती कुणाची? आपल्या घरात काफी कोण पितो? कप-बशी करा." मी आयुष्यात कप-बशी जोडली नव्हती. कान दोनदा तोडून परत जोडला. पण झाली. खाली बशी, वर कप, कपातून वाफेच्या दोन वळणदार सळया. सालेमच्या बागेच्या फाटकाचा हिरवा रंग उरला होता, तो मारला. आतून कडी, माझ्या अंगठ्याएवढी जाड. सनायातले सगळे बघायला आले आणि हसून गेले. जैनब नाही हसली. तिने कडी लावली, काढली, लावली, काढली. पोरगी नव्या बांगड्या वाजवते तशी.

गंमत अशी झाली की मी फाटकाच्या हिशोबाने जाड पत्रा वापरला होता. कारवानीची भिंत ती केवढी, तिला हे राक्षसाचं दार. कडेवर पोर घेतल्यावर बाई जशी एका अंगाला कलते तशी ती अख्खी खोली दाराच्या अंगाला कलली. मी म्हटलं, दुसरं करतो, हलकं. ती म्हणाली, "दार हाय ते हाय. घर सरळ करा."

म्हणून तो सगळा हिवाळा मी घर सरळ करत फिरलो. जिथं थांबू तिथं आधी हेच काम. ती आत बशीत चहा ओतून जमिनीवर ठेवणार आणि खिडकीतून हुकूम सोडणार. मी बाहेर दाराच्या बाजूच्या चाकाखाली फळ्या सरकवणार, पिकअप इंचभर मागे, इंचभर पुढे. माझ्या पेटीत चांगली पाणसळ होती, काचेच्या नळीत बुडबुडा असलेली. ती म्हणाली, "तुमचा बुडबुडा तुमच्याकडं ठेवा. चहा खोटं बोलत नाय." सरळ नाही केलं तर घावन एका बाजूला जाड आणि एका बाजूला कागद व्हायचं, आणि झोपेत आम्ही दोघं घरंगळून दाराशी गोळा व्हायचो. मला त्याचं काही वाईट वाटत नव्हतं. एकदा मी मुद्दामच एक फळी कमी घातली. तिने बशी बघितली आणि खिडकीतून म्हणाली, "म्हातारपणी लाज सोडलीव काय? फळी घाला."

इब्रीहून मस्कत तीन-चार तासांचा रस्ता. अझैबा त्याच्या अलीकडेच. निघालो त्या दिवशी सालेम फाटकावर निरोपाला उभा. मी चौकात आलो आणि मस्कतकडे न वळता दक्षिणेला वळलो. तो धोतरासारखा आपला पांढरा पायघोळ डिशडाशा सावरत मागून धावत आला. "उस्मान! मस्कत उधर! तुम वेन?"

मी म्हटलं, "घर जाता, अर्बाब."

"ये घर का रोड नहीं!"

जैनबने खिडकीतून डोकं काढून सांगितलं, "लंबा रोड से जाता. जल्दी किसको हय?"

त्याने कपाळावर हात मारला. आरशात बघितलं तर तो हसत होता.

आदम, मग हैमा, मग थुमरेत. नावं सांगतो पण नावात काही नाही. आदम सोडलं की दोन्ही बाजूंना नुसती सपाट जमीन, भाकरी थापल्यासारखी. झाड नाही, टेकडी नाही. रस्ता पुढे वितळून आभाळात जातो. माणूस म्हणेल, यात बघायचं काय? पण जैनबला त्या सपाटीचाच आनंद. "बगा, केवढी जागा! आनि एक दीर नाय, एक जाव नाय." मैलोन् मैल कुणी दार ढकलून येणारं नाही. ती पिकअपमध्ये माझ्या शेजारी बसून खजूर सोलायची, बी काढून मला भरवायची आणि दर थोड्या वेळाने मागे वळून बघायची, घर येतंय ना. "येतंय," ती सांगायची. जणू ते आमच्या मागून चालत येत होतं.

पोलिसाच्या चौकीवर अडवलं. कोवळा पोलीस, मिशी नुकती फुटलेली. त्याने विचारलं, "वेन?" कुठे. मी म्हटलं, "बेत." घरी. तो म्हणाला, बेत कुठं आहे? मी अंगठा मागे केला. त्याने मागे जाऊन बघितलं. खिडकीत जैनबची ओढणी आणि माझी बंडी वाळत होती, हिरव्या दारावर कप-बशी. त्याने दारावर टकटक केली. आत कुणी नव्हतं, जैनब माझ्या शेजारी बसलेली. तरी ती पिकअपमधूनच ओरडली, "कोन हाय?" तो पोलीस एवढा हसला की कागद बघायचे विसरला.

सकाळचा एक रिवाज पडला. रात्री कडी ती लावणार, सकाळी तीच काढणार. "बिस्मिल्ला" म्हणून दार ढकलायची आणि उंबऱ्यात माझ्याकडे पाठ करून उभी राहायची. मी खाटेवरून विचारायचो, "आज गाव कुठला?" आणि ती सांगायची. दार तेच, कडी तीच, पण उघडलं की रोज दुसरं गाव. तिचं निम्मं आयुष्य त्याच त्या अंगणात झाडू मारण्यात गेलेलं. तिला हे जादूसारखं वाटायचं. गाव माहीत असलं तरी लगेच सांगायची नाही. आधी बघून घ्यायची. मला तिची नुसती पाठ दिसायची, आणि पाठीवरून कळायचं गाव चांगला का वाईट.

कडीला तिच्याशिवाय हात लावायचा नाही, हे मी पाळलं. हैम्याला पहाटे मला बाहेर जायची घाई झाली, म्हाताऱ्या माणसाची घाई, आणि ती गाढ झोपलेली. उठवावं तर बिचारी, कडी काढावी तर भांडण. मी खिडकीतून जायचं ठरवलं. डोकं गेलं, खांदे गेले, पोट अडकलं. अर्धा आत, अर्धा बाहेर. बाहेर धुकं. लोक विश्वास ठेवणार नाहीत, पण त्या वाळवंटात हिवाळ्यात असं धुकं पडतं की हात लांब केला तर बोटं दिसत नाहीत, आणि पत्र्यावरून पाणी गळतं. त्या धुक्यातून एक उंटाचं तोंड आलं. माझ्या तोंडापासून वीतभर. आम्ही एकमेकांकडे बघितलं. मग त्याने सावकाश जीभ काढून माझ्या डोक्याशेजारचा ओला पत्रा चाटला. मी ओरडलो. मागून जैनब जागी झाली, तिला फक्त माझे पाय दिसले, आणि तिने पहिला प्रश्न काय विचारला असेल?

"आज गाव कुठला?"

"उंटाचा!" मी बाहेरून ओरडलो. "मला आत ओढ!"

तिने पाय धरून ओढलं, आणि मग आम्ही दोघं जमिनीवर बसून इतके हसलो की माझं बाहेर जायचं काम तिथंच व्हायची वेळ आली. नंतर तिने दार उघडलं. पाच-सहा उंट घराला वेढा घालून पत्रा चाटत होते. ती त्यांना म्हणाली, "चाटा, चाटा. पुसायचं काम वाचलं."

सलाल्याला रस्त्याच्या कडेला नारळ, केळी, पपईची दुकानं. वाळवंट ओलांडून आलेल्या माणसाला तो हिरवा रंग डोळ्यांत टोचतो. दुकानदार केरळचा. त्याने नारळ सोलायला घेतला आणि जैनबला राहवेना. "असा काय मारतोस? शेंडीकडनं मार." त्याला मराठी येत नव्हतं, हिला मल्याळम येत नव्हतं, दोघंही हिंदी बोलत होते असं दोघांनाही वाटत होतं. शेवटी तिने त्याच्या हातातून कोयता घेतला, दोन घावांत शेंडी उडवली आणि त्यालाच पाणी प्यायला दिलं. त्याने आम्हाला केळ्यांचा अख्खा घड दिला. ती केळी आम्ही मिरबातपर्यंत खाल्ली, मिरबातला खाल्ली, आणि मिरबातहून परत येतानाही खाल्ली.

मिरबात म्हणजे तारली मासळीचा वास. किनाऱ्यावर लांबच्या लांब तारल्या वाळत घातलेल्या, चांदीची चादर पसरल्यासारख्या. पर्यटक गोरे लोक नाकाला रुमाल लावून पळत होते. जैनबने दार उघडलं, छाती भरून श्वास घेतला आणि तिची पाठ अशी सैल पडली की मला विचारावंही लागलं नाही. "आपलाच गाव," ती म्हणाली. तिथं आम्ही पुष्कळ दिवस राहिलो. मी कोळ्यांच्या होड्यांची तुटलेली लोखंडं जोडून द्यायचो, ते मासे द्यायचे. ती कालवण करायची आणि पातेलं घेऊन त्यांच्या बायकांकडे जायची. त्या घरी आल्या तर दारावर टकटक करायच्या. टकटक केल्यावर ती जरा थांबायची. मुद्दाम. कुणीतरी तिच्या दाराबाहेर उभं आहे आणि ती उघडेल तेव्हाच आत येणार आहे, हे तिला दोन क्षण भोगायचं असायचं. मग ओरडायची, "आले, आले!"

मिरबातहून उत्तरेला फिरलो, मग समुद्राच्या कडेकडेने. काही ठिकाणी रस्ताच नव्हता, नुसत्या चाकोऱ्या. कारवान अशी खडखडायची की आत कपबशा नाचायच्या आणि दारावरची कप-बशी मात्र ढिम्म. मी सांगायचो, बघ, माझं काम. ती म्हणायची, "म्हणून तर घर वाकडं."

असे शन्नाला आलो. तिथून मसिऱ्याला बोट जाते. मसिरा बेट आहे, समोर क्षितिजावर निळसर रेघ दिसते. जैनबला मसिरा बघायचंच होतं. कारण काय, तर इब्रीच्या बाजारातला मच्छीवाला चांगली सुरमई आली की म्हणायचा, मसिऱ्याची आहे, आणि वाईट आली की गप्प बसायचा. इतकी वर्षं ते नाव ऐकून तिने ठरवलं होतं की जगात जे काही चांगलं आहे ते मसिऱ्याहून येतं.

बोटीवरच्या माणसाने गाडी बघितली, कारवान बघितली, खाली वाकून तिचं मागचं अंग बघितलं. म्हणाला, पिकअप येईल, ही नाही. उतार उभा आहे, हिचं शेपूट घासेल, अडकली तर सगळी बोट अडकेल. मी स्वतः बघितलं. खरं होतं. तो म्हणाला, ही इथं ठेवा, तुम्ही दोघं जाऊन या. इथं कोण चोरतं?

मी जैनबकडे बघितलं. ती बेटाकडे बघत होती.

"जाऊ या," मी म्हटलं. "उद्या परत येऊ."

"घर मागं ठेवून?"

"एक रात्र."

"नाय." तिने पदर खोचला. "घर मागं ठेवून मी जात नाय. तुमी जावा. मला सांगा येऊन कसा हाय तो."

"मी एकटा जाऊन काय करू? मासे मोजू?"

मग कुणीच गेलं नाही. दिवसभर किनाऱ्यावर बसून बोटी जाताना-येताना बघितल्या. ज्या बोटी परत आल्या त्यांच्यातून उतरणाऱ्या माणसांची तोंडं ती निरखून बघायची, मसिऱ्याहून आलेला माणूस वेगळा दिसतो का. संध्याकाळी म्हणाली, "ऱ्हाऊ दे. पुढल्या खेपेला." पुढली खेप नव्हती, हे दोघांनाही माहीत होतं. मी म्हटलं, इन्शाल्ला.

त्यानंतर सूर, मग मस्कत, मग अझैबा. दिवे वाढत गेले तशी ती पुढंच बघायला लागली. खजूर सोलायची, पण मागे वळून बघेना.

शबानाच्या बिल्डिंगसमोर गल्लीत कारवान लावली. मी तिथंही फळ्या घातल्या, तिने तिथंही बशी ठेवली. नात सना तेव्हा लहान, इंग्लिश शाळेत जाणारी. तिने बाहेरून सगळं बघितलं आणि विचारलं, "नानी, यू लिव्ह इन अ ट्रक?"

"ट्रक नाय गो, घर हाय. चप्पल भाईर काढ."

सनाने चप्पल काढली, टकटक केली, दोन क्षण थांबली. आत आली आणि म्हणाली, "नानी, मला पण इथे झोपायचा आहे." आणि झोपली. आमच्या दोघांच्या मध्ये, लाथा मारत.

विमानाच्या आदल्या दिवशी जैनबने कारवान धुऊन काढली. भांडी पुसून खोक्यात भरली. पडदे काढले. शेवटी दारापाशी आली आणि बोट फिरवत राहिली, कपाच्या कानावरून, बशीच्या काठावरून. रडली नाही. ती रडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "चांगलं होतं. माज्या नशिबाला एवढं तरी आलं."

 पिकअपमधून पान्हे काढले आणि बिजागऱ्या सोडवायला लागलो.

"काय करताव?"

"तुझं सामान बांधतोय."

जावई वरून धावत आला. शिकलेला माणूस, ऑफिसवाला. "अब्बा, लोक सोनं नेतात, टीव्ही नेतात! तुम्ही दार नेणार?"

"सोन्याला कडी असते काय?" मी विचारलं.

संध्याकाळी बौशरहून सालेमचा भाऊ कारवान घ्यायला आला. बघतो तर नुसतं भोक. "बाब कुठे? दार कुठे?" त्याने सालेमला फोन लावला, तावातावाने बोलला आणि मग माझ्या हातात फोन दिला. मी सांगितलं, अर्बाब, कारवान तुझी, चाकं तुझी. दार बाईचं आहे.  मग सालेम इतका हसला की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. म्हणाला, घेऊन जा. राखणदाराला मी पडदा देतो.

कारवान निघाली तेव्हा जैनब गल्लीत उभी राहून बघत होती. पहिल्यांदाच ती सरळ चालली होती, कुठल्याच अंगाला न कलता. "बगा," ती म्हणाली, "दार काढल्यावर कशी मोकळी झाली." आणि तेव्हा हसली.

दार घोंगड्यांत गुंडाळून जहाजाने आलं, आमच्या मागून बऱ्याच दिवसांनी. लोक घर बांधतात आणि मग दार बसवतात. आम्ही भावांच्या घरामागे, फणसाच्या खाली, आधी दार उभं केलं आणि त्याला धरून दोन खोल्या बांधल्या. गवंडी म्हणाला, चाचा, हे दार आहे का किल्ला? दर पावसाळ्याआधी मी त्याला रंग मारतो, नाहीतर खाडीचा वारा लोखंड खातो. हिरवा रंग तस्साच मिळत नाही. यंदा जरा पोपटी मिळाला. जैनबने नावं ठेवली असती.

जावा, पुतणे, शेजारी, सगळे टकटक करायला शिकले. आणि सकाळचा रिवाजही आमच्याबरोबर आला. ती कडी काढायची, बिस्मिल्ला म्हणायची, उंबऱ्यात पाठ करून उभी राहायची. बाहेर रोज तोच फणस, तीच बांधावरची कोंबडी. मी खाटेवरून विचारायचो, "आज गाव कुठला?" आणि ती सांगायची, "आदम." किंवा, "हैमा. उंट नाय आले अजून." पावसात धुकं उतरलं की हमखास हैमा. सुकटीचा वास आला की मिरबात. आपल्या गावाचं खरं नाव तिने एकदाही घेतलं नाही. मीही मग तिकडेच उठायचो. चहा आदमला प्यायचो, आंघोळ सूरला करायचो. भाऊ म्हणायचा, दोघांचंही डोकं फिरलंय. फिरलेलंच होतं. चांगलं फिरून आलेलं.

मी एकदा विचारलं होतं, "मसिरा कधी सांगणार?"

"तिथं आपलं दार उघडलंय कवा?" ती म्हणाली. "न गेलेला गाव कसा सांगू? खोटं बोलायचं नाय."

म्हणून मसिरा राहिलं.

त्या सकाळी मला जाग आली तेव्हा उजेड पत्र्याच्या फटीतून आत आला होता. खाट सरळ होती, कुठेच कलत नव्हती. मी वाट बघितली. कडीचा आवाज आला नाही. मी म्हटलं, "जैनब, आज गाव कुठला?" मग हात लावला. ती गार होती, पहाटेच्या लोखंडासारखी. चेहरा झोपलेल्या माणसाचा. मी तिच्याशेजारी बसून राहिलो. किती वेळ ते माहीत नाही.

लोकांना बोलवायला पाहिजे होतं. दाराला कडी होती, तिने लावलेली. इतक्या वर्षांत मी त्या कडीला हात लावला नव्हता. एकदा मनात आलं, खिडकीतून जावं. मग उठलो. कडी जड होती. मीच केलेली, पण एवढी जड केली होती हे मला माहीत नव्हतं. बिस्मिल्ला म्हटलं, दार ढकललं आणि उंबऱ्यात तिच्याकडे पाठ करून उभा राहिलो, ती उभी राहायची तसा. बाहेर थंडी, फणस, बांधावर कोंबडी. आधी नीट बघून घेतलं. शन्नाला घर मागं ठेवून ती गेली नव्हती; आता ते माझ्याकडे ठेवून गेली होती, तेव्हा खोटं बोलण्याचा प्रश्न नव्हता.

"मसिरा," मी तिला सांगितलं.

मग भावाला हाक मारली.